पॅटक्सेटची शेते

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्यांविषयीचा आदर त्यामागे होता. परंतु त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतीरावांनी अमेरिकेविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी तेथील मूळ लोकांवर आरंभीच्या काळात जे जुलूम केले, त्यांची तुलना त्यांनी आर्यांनी येथील मूळ रहिवाशांना जिंकले त्या घटनेशी केली आहे. म्हणजे एकाच पुस्तकात एका अमेरिकेला नमस्कार आहे आणि दुसऱ्या अमेरिकेकडे बोट दाखवलेले आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकात ही दुसरी अमेरिका दीड पानात आटोपली होती. कोलंबस आला, 'रेड इंडियन' मागे हटले, तेरा वसाहती झाल्या आणि चहाच्या पेट्या समुद्रात पडल्या. हे लोक 'मागे हटले' म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न मनात धरून जे वाचले, त्याची ही मांडणी आहे.

प्रथम नावाचेच पाहू. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांपैकी एका बेटावर उतरला आणि आपण हिंदुस्थानच्या बाजूच्या बेटांवर पोचलो अशी त्याची समजूत झाली. त्या समजुतीतून तेथील लोकांना 'इंडियन' हे नाव पडले. ज्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या माथी आपले नाव बसले. ते लोक स्वतःला वाम्पानोआग, नॅरॅगॅन्सेट, मोहॉक अशा शेकडो नावांनी ओळखत. त्यांच्या भाषा वेगळ्या, राहणी वेगळी, आपसांतली भांडणेही वेगळी. म्हणून या लेखात शक्य तेथे त्यांची स्वतःचीच नावे वापरली आहेत.

हे लोक तेथे कधीपासून होते? हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती आणि सैबेरिया व अलास्का यांच्यामध्ये कोरडी जमीन होती. त्या बाजूने माणसे अमेरिकेत शिरली, असे मानले जाते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे मातीत उमटलेली माणसांची पावले सापडली आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची आहेत. पुढे मेक्सिकोच्या दक्षिण भागात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी टिओसिंटी नावाच्या एका रानगवतापासून मका तयार केला. त्या गवताला बोटभर लांबीचे, मोजके टणक दाणे असलेले कणीस येते. त्यातून हातभर मक्याचे कणीस काढायला किती पिढ्यांनी बियाणे निवडून ठेवले असेल, याची कल्पना ज्याने घरी बियाणे राखले आहे त्यालाच येईल. ही शेती उत्तरेकडे पसरली. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती त्या काळात, आजच्या सेंट लुईस शहराजवळ काहोकिया नावाचे नगर भरात होते. तेथे दहा ते वीस हजार माणसे राहत असावीत. टोपल्यांनी माती वाहून रचलेली तेथील मुख्य टेकडी सुमारे ३० मीटर उंच असून ती आजही उभी आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते नगर उठले. म्हणजे युरोपीय येण्यापूर्वी तेथे केवळ अरण्य आणि शिकारी होते ही समजूत चुकीची आहे. त्या लोकांचा इतिहासही वर-खाली होत आलेला होता.

त्यांच्या शेतीचे फळ आपणही रोज खातो, हे येथे सांगितलेच पाहिजे. मका, मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, काजू, सीताफळ, पेरू, लाल भोपळा ही सारी मुळातली अमेरिकेची पिके. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून यांतली बरीच पिके आपल्या किनाऱ्याला लागली. 'बटाटा' आणि 'काजू' हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांच्या तोंडून आलेले मूळ अमेरिकन शब्द आहेत. आणखी गंमत म्हणजे आपले उपवासाचे ताट पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, सगळेच तिकडचे. ज्यांच्या शेतातून हे आले त्यांचे नाव मात्र आपल्याला माहीत नसते.

१४९२ नंतर जहाजांबरोबर अमेरिकेत दुसरीही एक गोष्ट गेली. देवी, गोवर यांसारखे रोग. शतकानुशतके गुराढोरांच्या सहवासात आणि दाट वस्तीत राहिलेल्या युरोपीय लोकांच्या अंगात या रोगांना थोडीफार दाद न देण्याची शक्ती आली होती. अमेरिकेतील लोकांना हे रोग सर्वस्वी नवे होते. मग घरात एक आजारी पडला की सगळेच पडत, पाणी द्यायला कोणी उरत नसे, पेरणी राहून जाई आणि जे रोगातून वाचत ते भुकेने जात. स्पेनने मेक्सिको व पेरू जिंकले त्यात तलवारीइतकाच या रोगांचा हात होता. परंतु मला पुढे जे सांगायचे आहे ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याविषयी, म्हणजे इंग्रज वसाहतींविषयी आहे.

इंग्रजांची टिकून राहिलेली पहिली वसाहत व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे मे १६०७ मध्ये झाली. ती राजाने नव्हे, एका व्यापारी कंपनीने वसवली. ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर सर थॉमस स्मिथ हेच या व्हर्जिनिया कंपनीचेही प्रमुख होते. एकाच लंडनकर व्यापाऱ्याच्या वह्यांत एका पानावर आपण होतो आणि दुसऱ्या पानावर ते. जेम्सटाउनच्या लोकांना आपले पोट भरता येत नव्हते. ते पौहॅटन या प्रमुखाच्या लोकांकडून कधी अदलाबदलीने तर कधी धाकाने मका मिळवत. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने इतकी माणसे मेली की काही शेकड्यांपैकी साठेक उरले. नंतर तंबाखूचे पीक लागू पडले आणि चित्र पालटले. तंबाखू जमिनीचा कस लवकर खातो, म्हणून दर थोड्या वर्षांनी नवी जमीन हवी. १६१९ साली तेथे पहिले वीसेक आफ्रिकी लोक जबरदस्तीने आणून विकले गेले. १६२२ साली पौहॅटन लोकांनी उठाव करून ३४७ इंग्रजांना मारले आणि त्यानंतर इंग्रजांना जमिनी घेण्यासाठी सबबीची गरज उरली नाही.

उत्तरेकडे, आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वाम्पानोआग लोक राहत. या नावाचा अर्थ पहाटेच्या, म्हणजे पूर्वेच्या, प्रदेशातले लोक. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके ते एकाच आळ्यात लावत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, भोपळ्याची पाने खाली पसरून ओल धरीत आणि तण दाबीत, घेवड्याच्या मुळांनी जमिनीला खत मिळे. आपल्याकडे तुरीच्या ओळी घालून मिश्र पीक घेतात, त्याच जातीचे हे शहाणपण. हॉडेनोशॉनी लोक या पिकांना तिघी बहिणी म्हणतात. हे सगळे काम बायकांचे. पीक निघाले की चटया अंथरलेल्या पेवांत धान्य ठेवायचे, हिवाळ्यात आत रानाच्या आडोशाला जायचे, वसंतात पुन्हा किनाऱ्यावर यायचे. रानातला पाला ते वर्षातून एक-दोनदा जाळत, त्यामुळे झाडांखाली मोकळे राही, गवत फुटे आणि हरणे येत. इंग्रजांनी हे पाहिले तेव्हा त्यांना त्यात शेती दिसली नाही. कुंपण नाही, नांगर नाही, गुरे नाहीत. बायका राबतात आणि पुरुष शिकारीला जातात. शिकार हा तर त्यांच्या देशात उमरावांचा षौक. म्हणून पुरुष आळशी, असा त्यांनी निकाल दिला. पेरणी, खुरपणी, राखण हे बायकांचे काम असले की ते कामच नव्हे, हा समज काही फक्त इंग्रजांचा नाही, असे मी म्हणते.

या किनाऱ्यावर पॅटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे एक गाव होते. १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने तेथील वीसेक माणसांना व्यापाराच्या मिषाने जहाजावर बोलावून पळवले आणि स्पेनमध्ये मालागा येथे गुलाम म्हणून विकायला नेले. त्यांत टिस्क्वान्टम नावाचा एक माणूस होता. तेथील धर्मगुरूंनी काही कैद्यांना सोडवले. टिस्क्वान्टम कसाबसा लंडनला पोचला, तेथे एका व्यापाऱ्याच्या घरी राहिला, इंग्रजी शिकला आणि १६१९ साली एका इंग्रज जहाजातून घरी परतला. घर उरले नव्हते. १६१६ ते १६१९ या काळात किनाऱ्यावर भयंकर साथ येऊन गेली होती. तो रोग कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण काही गावांत दहांतले नऊ लोक गेले असावेत. पॅटक्सेटमध्ये एकही माणूस जिवंत नव्हता. थोड्याच वर्षांनी त्या भागात आलेल्या थॉमस मॉर्टन या इंग्रजाने उघड्यावर पडलेली हाडे आणि कवट्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुरायलाही कोणी नव्हते.

नोव्हेंबर १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' हे जहाज १०२ प्रवासी घेऊन केप कॉड या भूशिराशी आले. इंग्लंडच्या धर्मसंस्थेशी न पटलेले प्रॉटेस्टंट लोक त्यात होते आणि नशीब काढायला निघालेलेही होते. उपाशी अवस्थेत किनारा धुंडाळताना त्यांना वाळूचा ताजा ढीग दिसला. उकरून पाहिले तर खाली मक्याने भरलेल्या टोपल्या. ते कोणाचे तरी पेव होते. त्यांनी ते धान्य नेले आणि पुढच्या वर्षी त्याचेच बियाणे केले. मालकांना नंतर त्यांनी भरपाई दिली, हेही सांगायला हवे. मग राहण्यासाठी त्यांनी जागा शोधली. गोड्या पाण्याचा ओढा, साफ केलेली जमीन, मोकळी शेते. ते पॅटक्सेट होते. त्याचे त्यांनी प्लिमथ केले. आपल्याला ही तयार जागा देवाने दिली असे त्यांना मनापासून वाटले आणि त्यात ढोंग होते असे मला वाटत नाही. मेलेल्या माणसांची शेते जिवंत माणसाला देणगी वाटू शकतात.

पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी निम्मे दगावले. १६ मार्च १६२१ रोजी समोसेट नावाचा एक माणूस वस्तीत शिरला आणि त्याने इंग्रजीत त्यांचे स्वागत केले. ती भाषा तो किनाऱ्यावर येणाऱ्या मासेमारांकडून शिकला होता. त्याच्या पाठोपाठ टिस्क्वान्टम आला. आपल्याच गावच्या जमिनीत, आपल्याच लोकांच्या शेतात, आळ्यात मासा घालून मका कसा लावायचा हे त्याने या परक्यांना शिकवले. नोव्हेंबर १६२२ मध्ये तो तापाने वारला.

वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने इंग्रजांशी करार केला. याला पुष्कळ ठिकाणी भोळेपणा किंवा सौजन्य म्हटलेले आढळते. माझ्या मते ते राजकारण होते. साथीने त्याचे लोक निम्म्याहून कमी उरले होते आणि शेजारचे नॅरॅगॅन्सेट साथीतून वाचल्यामुळे प्रबळ झाले होते. बंदुका असलेला मित्र त्याला हवा होता. त्या शरद ऋतूत मॅसॅसॉइट नव्वद माणसे घेऊन आला, त्यांनी पाच हरणे आणली, तीन दिवस जेवणे झाली. अमेरिकेतल्या 'थँक्सगिव्हिंग' सणाच्या मुळाशी हीच पंगत सांगतात. त्याच दिवशी प्लिमथ येथे मूळ लोक १९७० सालापासून शोकदिन पाळत आले आहेत.

पन्नास माणसांची वस्ती शेजारी असणे वेगळे आणि वीस हजारांची असणे वेगळे. १६३० साली जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली प्युरिटन पंथाचे सुमारे हजार लोक बोस्टनच्या परिसरात उतरले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ही संख्या वीस हजारांच्या घरात गेली. विन्थ्रॉप वकील होता. येथून गोष्ट रोगाकडून कायद्याकडे वळते. निघण्यापूर्वीच त्याने युक्तिवाद मांडला होता तो असा: हे लोक जमिनीला कुंपण घालत नाहीत, पाळीव गुरे ठेवत नाहीत, एका जागी कायम घर करत नाहीत, म्हणून त्यांचा हक्क केवळ नैसर्गिक आहे, कायदेशीर नव्हे. त्यांना पुरेल एवढी जमीन सोडून बाकीची घेण्यास हरकत नाही. पुरेल एवढी म्हणजे किती, हे अर्थात घेणाऱ्याने ठरवायचे. १६३३-३४ मध्ये देवीची साथ आली, तेव्हा देवाने आमचा हक्क निर्वेध केला असा त्याने अर्थ काढला. जी जमीन माणसे मेल्यामुळे मोकळी झाली, तिला आता कधी कोणाची नव्हतीच असे म्हणता येऊ लागले. याला विरोध करणारा एक इंग्रज निघाला, रॉजर विल्यम्स. मूळ लोकांना आपापल्या जमिनीच्या हद्दी काटेकोर ठाऊक आहेत, राजाला दुसऱ्याची जमीन देण्याचा अधिकार नाही, असे तो म्हणे. या आणि इतर मतांमुळे १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली.

कागदावरच्या कायद्यापेक्षाही रोजचे भांडण झाले ते गुराडुकरांवरून. इंग्रज आपली डुकरे व गुरे रानात मोकाट सोडत. ती बिनकुंपणाच्या मक्यात शिरत, पेवे उकरत, किनाऱ्यावरचे शिंपले खाऊन टाकत. तक्रार केली तर वसाहतीच्या न्यायालयात उत्तर मिळे की तुम्ही कुंपण घाला. डुक्कर मारले तर भरपाई द्या. ज्याच्या गावात कोंडवाडा आहे त्याला हा न्याय उलटा वाटेल. आपल्याकडे मोकाट गुराचा मालक दंड भरतो, पीकवाला नव्हे. गुरांच्या पाठोपाठ खरेदीखत येई. वाम्पानोआग प्रमुख जमीन 'देत' तेव्हा त्यांच्या समजुतीने ते तेथे सोबत राहण्याची परवानगी देत. मासे धरणे, शिकार करणे, लागवड करणे हे त्यांचे हक्क चालूच राहणार. इंग्रजाच्या समजुतीने तो कागद झाला की दुसऱ्याने पाऊल टाकणे हा गुन्हा. त्या कागदांवर अनेक प्रमुखांच्या सह्या म्हणजे काही खुणा आहेत. आमच्या घरच्या जुन्या कागदांवर आजोबांचा अंगठा आहे, वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. त्यामुळे त्या खुणांकडे मी जरा जास्त वेळ पाहिले.

काही जण मात्र ती भाषा शिकले. १६५० च्या हार्वर्डच्या सनदेत इंग्रज आणि इंडियन तरुणांचे शिक्षण हा हेतू लिहिलेला आहे आणि त्यांच्यासाठी तेथे एक विटांची इमारतही उभी राहिली. केलेब चीशाटॉमक हा वाम्पानोआग तरुण १६६५ साली तेथून पदवीधर झाला. लॅटिनमध्ये लिहिलेले त्याचे पत्र उपलब्ध आहे. पुढच्याच वर्षी तो क्षयाने वारला. त्याच इमारतीतील छापखान्यात १६६३ साली जॉन एलियट या धर्मोपदेशकाने केलेले बायबलचे भाषांतर छापले गेले. अमेरिकेत छापलेले ते पहिले बायबल, आणि ते इंग्रजीत नव्हे तर त्या किनाऱ्याच्या मूळ भाषेत होते. एलियटला त्या कामात मूळ लोकांनीच मदत केली, छापखान्यात खिळे जुळवणारा जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा होता. आपल्याकडे याच्या आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले होते. दोन्हीकडे हेतू धर्मप्रसाराचा होता.

मॅसॅसॉइट असेपर्यंत करार टिकला. तो १६६१ च्या सुमारास वारला. त्याचा धाकटा मुलगा मेटाकॉम, ज्याला इंग्रज फिलिप म्हणत, त्याच्या वाट्याला आक्रसत चाललेली जमीन आली. जॉन सॅसामन नावाचा एक ख्रिस्ती झालेला, हार्वर्डमध्ये काही काळ शिकलेला माणूस एकेकाळी मेटाकॉमचा लेखनिक होता. त्याने मेटाकॉम युद्धाची तयारी करीत असल्याची खबर इंग्रजांना दिली आणि लवकरच त्याचे प्रेत बर्फाळ तळ्यात सापडले. प्लिमथच्या न्यायालयाने जून १६७५ मध्ये तीन वाम्पानोआगांना फाशीची शिक्षा दिली आणि युद्ध पेटले. रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. सुमारे ९० इंग्रज गावांपैकी निम्म्याहून अधिक गावांवर हल्ले झाले, पण मूळ लोकांचे हजारो मेले. पकडलेले कित्येक जण वेस्ट इंडीजला गुलाम म्हणून विकले गेले. १२ ऑगस्ट १६७६ रोजी मेटाकॉम मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये, म्हणजे पॅटक्सेटमध्येच, भाल्यावर लावून वीसहून अधिक वर्षे ठेवले होते. ज्याने या वस्तीला जगवले त्याचा तो मुलगा.

'मागे हटले' या दोन शब्दांत हे सगळे बसते. तथापि ते संपले, असे मात्र नाही. वाम्पानोआग भाषा एकोणिसाव्या शतकात बोलीतून गेली. परंतु एलियटचे ते बायबल आणि वाम्पानोआगांनी स्वतःच्या हाताने त्या भाषेत लिहिलेली खरेदीखते, मृत्युपत्रे, अर्ज शिल्लक होते. १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पानोआग बाईंनी भाषाशास्त्र शिकून या कागदांच्या आधारे ती भाषा पुन्हा उभी केली. त्यांची मुलगी हीच भाषा जन्मापासून ऐकत वाढली. जे कागद जमीन घेण्यासाठी आणि धर्म देण्यासाठी झाले, त्यांतून शब्द परत मिळाले.

जमिनीचे तसे झाले नाही. मॅशपी वाम्पानोआग जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००७ साली मान्यता दिली. २०१५ साली त्यांची ३२१ एकर जमीन सरकारने जमातीसाठी विश्वस्त या नात्याने धारण केली. २०२० साली ती जमीन विश्वस्त ताब्यातून काढण्याचा आदेश निघाला, जमात न्यायालयात गेली, न्यायालयाने आदेश रोखला आणि २०२१ च्या अखेरीस सरकारने जमीन जमातीसाठीच राहील असा निर्णय दिला. त्यांपैकी १७० एकर मॅशपी गावात आहेत आणि उरलेले १५१ एकर टॉन्टनमध्ये.